थांबणाऱ्याचे धैर्य : काम्यूच्या ‘प्लेग’मधील दोन प्रवचने

आल्बेर काम्यू या फ्रेंच साहित्यिकाची ‘ला पेस्त’, म्हणजे ‘प्लेग’, ही कादंबरी १९४७ साली प्रसिद्ध झाली. विसाव्या शतकातील श्रेष्ठ कादंबऱ्यांत तिची गणना होते आणि अस्तित्ववादावरील चर्चेत तिचा उल्लेख हमखास येतो. काम्यूने स्वतः मात्र ‘अस्तित्ववादी’ हे बिरुद कधी स्वीकारले नाही. तो श्रद्धावंतही नव्हता आणि ही गोष्ट त्याने कधी लपविली नाही. अशा लेखकाची कृती आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांनी का वाचावी, असा प्रश्न कुणी विचारला तर त्याचे उत्तर सरळ आहे. या कादंबरीच्या मध्यभागी एक धर्मगुरू उभा आहे, आणि त्या धर्मगुरूला विचारलेला प्रश्न तुम्हाआम्हाला विचारलेला आहे. शेजाऱ्यावर संकट कोसळते तेव्हा आपण त्याला काय सांगतो आणि काय सांगण्याचा अधिकार आपल्याला असतो, हा तो प्रश्न होय.

काम्यूचा जन्म १९१३ साली अल्जीरियात झाला. त्या काळी हा देश फ्रान्सच्या अमलाखाली होता. वडील पहिल्या महायुद्धात १९१४ साली मरण पावले. आई निरक्षर होती, तिला ऐकूही कमी येत असे. घरोघरी झाडलोट करून तिने मुलांना वाढविले. सतराव्या वर्षी काम्यूला क्षयाने गाठले. १९४२ मध्ये दुखणे बळावल्यामुळे तो हवापालटासाठी फ्रान्सच्या डोंगराळ भागात, ल शांबों या गावाजवळच्या एका वाडीत राहावयास गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दोस्त सैन्य उत्तर आफ्रिकेत उतरले, जर्मनांनी दक्षिण फ्रान्स व्यापला आणि काम्यूचा परतीचा मार्ग बंद झाला. पत्नी समुद्रापलीकडे ओरान शहरात, आपण अलीकडे, मध्ये युद्ध. ताटातुटीचे हे दुःख कादंबरीच्या पानापानांत झिरपले आहे.

या ल शांबों गावाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. तेथील प्रॉटेस्टंट पाळक आंद्रे त्रोक्मे आणि त्यांची मंडळी त्याच काळात, जिवावर उदार होऊन, जर्मनांच्या तावडीतून निसटलेल्या ज्यू कुटुंबांना घराघरांत लपवीत होती. शेकडो, किंबहुना हजारो माणसे त्या पठारावरच्या शेतकऱ्यांनी वाचविली. हे शेतकरी स्वतःला शूर समजत नव्हते. दारावर आलेल्या माणसाला परत कसे पाठवायचे, इतकाच त्यांचा साधा हिशेब होता. काम्यूच्या कादंबरीतील धैर्याची कल्पना या शेतकऱ्यांच्या हिशेबाशी किती मिळतीजुळती आहे, ते पुढे दिसेलच.

बंद वेशींचे शहर

कथानक ओरानमध्ये घडते. १६ एप्रिलच्या सकाळी डॉक्टर रिये घराबाहेर पडतो आणि जिन्याच्या मधल्या सपाटीवर त्याच्या पायाखाली मेलेला उंदीर येतो. चार दिवसांत उंदरांचे ढीग पडू लागतात, मग माणसे मरू लागतात. अधिकारी ‘प्लेग’ हा शब्द उच्चारावयास धजत नाहीत. अखेर वरून हुकूम येतो आणि शहराच्या वेशी बंद होतात. आत असलेले आत अडकतात, बाहेर असलेले बाहेर राहतात. डॉक्टरची आजारी पत्नी उपचारासाठी नुकतीच दूरच्या आरोग्यधामात गेलेली असते. तिची आणि त्याची भेट पुन्हा होत नाही.

हा प्लेग म्हणजे जर्मन आक्रमणाचे रूपक आहे, असे समीक्षक सांगत आले आहेत आणि ते खरेच आहे. तथापि केवळ रूपक म्हणून वाचले तर पुस्तकाचा अर्धा अर्थ हातातून निसटतो. काम्यूने संकटाचे वर्णन जितक्या बारकाईने केले आहे त्याहून अधिक बारकाईने संकटातील माणसांच्या वर्तनाची नोंद केली आहे. आरंभी प्रत्येकजण आपापल्या दुःखापुरता पाहतो. मग सर्वांचे दुःख एक होते. आणि पुढे सर्वांत भयंकर गोष्ट घडते : माणसे दुःखाला सरावतात. प्रेतांची संख्या आकड्यांत सांगितली जाते आणि आकडा ऐकून कुणाला काही वाटेनासे होते. समाज बदलतो तो असा, हळूहळू, कुणाच्या लक्षात न येता. या बदलाला जो नकार देतो, प्रत्येक आजाऱ्याला पुन्हा एक माणूस म्हणून पाहतो, त्याला काम्यू धैर्यवान मानतो.

पहिले प्रवचन

साथ सुरू होऊन महिना लोटतो. धर्माधिकारी एक प्रार्थनासप्ताह जाहीर करतात. सांगतेच्या रविवारी, प्लेगग्रस्तांचा कैवारी संत रॉक यांच्या नावे मिस्सा होतो आणि येशूसंघाचे विद्वान फादर पानलू प्रवचनासाठी उभे राहतात. बाहेर पाऊस कोसळत असतो. मंदिर गच्च भरलेले असते. फादरांचे पहिलेच वाक्य चाबकासारखे श्रोत्यांवर येते. हे संकट तुमच्यावर आले आहे आणि तुम्ही त्यास पात्र आहात, असा त्याचा आशय. मग इजिप्तवरील पीडांपासून पुढे दाखले सुरू होतात. देवाने दीर्घकाळ वाट पाहिली, तुम्ही वळला नाहीत, आता मळणी सुरू झाली आहे, भुसा आणि दाणा वेगळा होणार आहे.

साहित्यकृती म्हणून हे प्रवचन प्रभावी आहे. काम्यूने त्याची टिंगल केलेली नाही. त्यातील लय, त्यातील प्रतिमा, अखेरीस येणारा आशेचा स्वर, सारे त्याने मनापासून रेखाटले आहे. दोष शोधावयाचा तर तो एका सर्वनामात सापडतो. फादर सर्ववेळ ‘तुम्ही’ म्हणतात. पापी तुम्ही, शिक्षा तुम्हाला, पश्चात्ताप तुम्ही करावयाचा. बोलणारा या हिशेबाबाहेर, उंचावर उभा आहे.

या प्रवचनाविषयी डॉक्टर रियेला पुढे मत विचारले जाते. सामुदायिक शिक्षेची कल्पना आवडण्याइतका आपला रुग्णालयांचा अनुभव थोडा नाही, असे तो म्हणतो. पण लगेच पुस्ती जोडतो की ख्रिस्ती माणसे कधीकधी असे बोलतात, मनातून तसे मानीत नाहीत, आणि दिसतात त्यापेक्षा ती चांगली असतात. फादर पानलू अभ्यासिकेतले आहेत, त्यांनी पुरेशी माणसे मरताना पाहिलेली नाहीत. खेड्यातल्या एखाद्या साध्या धर्मगुरूने, ज्याने मरणाऱ्याच्या घशातली घरघर ऐकली आहे, दुःखाचे माहात्म्य सांगण्याआधी दुःख हलके करण्याची खटपट केली असती. एका अश्रद्ध लेखकाने खेड्यातील पाळकाला दिलेली ही मानवंदना मला फार मोलाची वाटते.

आणि रियेचे म्हणणे शुभवर्तमानाला धरूनच आहे, हे आपण विसरता कामा नये. जन्मांध माणूस पाहून शिष्यांनी विचारले, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभू येशूने दोन्ही पर्याय नाकारले. सिलोआमचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हाही मेलेले अधिक पापी होते काय, असा प्रश्न करून त्याने ऐकणाऱ्यांना स्वतःकडे पाहावयास लावले. योबाच्या ग्रंथात दुःखाचे कारण चटकन सांगणाऱ्या मित्रांवर अखेर देवाचाच कोप होतो. पहिल्या प्रवचनातले फादर पानलू योबाच्या मित्रांच्या रांगेत बसले आहेत.

एका बालकाचा मृत्यू

फादर पानलू तेथेच राहिले असते तर ही कादंबरी धर्मविरोधी ठरली असती. पण ते राहत नाहीत. तारू नावाच्या एका परगावच्या माणसाने स्वयंसेवकांची आरोग्यपथके उभारलेली असतात. सरकारचा विचार अवघड कामांवर तुरुंगातले कैदी लावण्याचा. तारूला ते सहन होत नाही. मरणाच्या तोंडी कुणाला ढकलावयाचे नाही, ज्याला यावेसे वाटेल त्याने स्वतः यावे, असा त्याचा आग्रह. फादर या पथकात सामील होतात आणि नेहमी सर्वांत धोक्याच्या जागी उभे राहतात.

ऑक्टोबरच्या अखेरीस न्यायाधीश ओतों यांच्या लहान मुलाला प्लेग होतो. वृद्ध डॉक्टर कास्तेलने तयार केलेली नवी लस त्याच्यावर प्रथमच वापरली जाते. मूल वाचत नाही. लसीमुळे त्याची झुंज लांबते, यातना वाढतात. खाटेभोवती रिये, तारू, कास्तेल, सारे उभे आहेत. फादर पानलू गुडघे टेकून या बालकाला वाचवण्याची याचना करतात. कादंबरीतील ही सर्वांत असह्य पाने आहेत आणि काम्यूने ती एकही अलंकार न वापरता लिहिली आहेत.

मूल जाते. रिये संतापून फादरांना म्हणतो की हा तरी निरपराध होता, हे तुम्हालाही ठाऊक आहे. जे आपल्याला समजत नाही त्यावरही कदाचित प्रेम करावयास हवे, असे फादर हळूच सुचवितात. ज्या सृष्टीत मुलांना यातना भोगाव्या लागतात तिच्यावर प्रेम करणे मला मरेपर्यंत जमणार नाही, असे रिये उत्तरतो. येथे एखाद्या सामान्य लेखकाने दोघांची फारकत केली असती. काम्यू मात्र दोघांना एका बाकावर बसवितो. आपण दोघे मिळून ज्याच्यासाठी राबत आहोत ते प्रार्थना आणि पाखंड या दोहोंच्या पलीकडचे आहे, असे रिये सांगतो आणि फादरांचा हात हाती घेतो. आता देवही आपल्याला वेगळे करू शकणार नाही, हे त्याचे म्हणणे ऐकून श्रद्धावंत वाचक क्षणभर अडखळेल. पण देव तेथे वेगळे करावयास आलाच नव्हता, असे आपण नम्रपणे म्हणू शकतो. दयाळू शोमरोन्याच्या दृष्टांतात वाटेवर थांबलेल्या माणसाची श्रद्धा कोणती, हे प्रभूने विचारले नाही.

दुसरे प्रवचन

यानंतर फादर पानलू दुसऱ्यांदा प्रवचन करतात. या वेळी मंदिर भरलेले नाही. बाहेर वारा सुटला आहे. फादरांचा आवाज मृदू झाला आहे आणि ते ‘तुम्ही’ऐवजी ‘आपण’ म्हणू लागले आहेत. साऱ्या कादंबरीचे वळण मला या एका शब्दात दिसते. मधल्या काळात त्यांनी एकही नवे पुस्तक वाचलेले नाही, एक मूल मरताना पाहिले आहे.

प्रवचनाचा गाभा कठोर आहे. बालकाच्या दुःखाचे स्पष्टीकरण स्वर्गातील सुखाने देणे सोपे होते, फादर तो सोपा मार्ग घेत नाहीत. सारे मानावे किंवा सारे नाकारावे, मधली वाट नाही, असे ते म्हणतात. पण त्यासोबत एक जुनी हकिकत सांगतात. मार्सेयच्या मोठ्या प्लेगात एका मठातल्या ८१ संन्याशांपैकी चारच वाचले आणि त्या चारांतले तिघे पळून गेले. बखरकार येथे थांबतो. फादरांचे मन मात्र चौथ्याकडे जाते, जो सत्त्याहत्तर प्रेते आणि तीन पळपुटे बंधू यांच्या आठवणीसह एकटा मागे राहिला. बंधूंनो, आपण तो थांबणारा झाले पाहिजे, असे ते श्रोत्यांना सांगतात.

थोड्याच दिवसांत फादर स्वतः आजारी पडतात. डॉक्टरला बोलावू देत नाहीत. शेवटी रुग्णालयात क्रूस हाती घट्ट धरून मरतात. त्यांच्या दुखण्यात प्लेगची नेहमीची लक्षणे नसतात, म्हणून नोंदीच्या कार्डावर ‘संशयास्पद’ असे लिहिले जाते. या शब्दावर समीक्षकांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. मला येथे काम्यूचा थोडा पक्षपात जाणवतो. ईश्वरावर सर्वस्व टाकणाऱ्याने औषध नाकारलेच पाहिजे, हा निष्कर्ष ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीतून निघत नाही. शतकानुशतके धर्मभगिनींनी दवाखाने चालविले ते औषधावर विश्वास ठेवूनच. फादर पानलू यांना तर्काच्या टोकाला नेऊन लेखकाने त्यांची कोंडी केली आहे. ‘आपण’ म्हणावयास शिकलेल्या माणसाला त्याने मरताना पुन्हा एकटे पाडले. संन्याशाला मित्र नसतात, असे उद्गार फादरांच्या तोंडी आहेत. पण त्या बाकावर त्यांना एक मित्र मिळाला होता.

साध्या माणसांचे काम

कादंबरीतील अन्य पात्रांकडे पाहिले की धैर्याविषयी काम्यूचे मत अधिक स्पष्ट होते. रांबेर हा पॅरिसचा पत्रकार. तो या शहराचा नाही, त्याची प्रेयसी दूर आहे, येथे मरावयाचे त्याला काही कारण नाही. पळून जाण्यासाठी तो पैसे चारतो, चोरट्या वाटा शोधतो. रिये त्याला अडवीत नाही. सुखाची ओढ गुन्हा नव्हे, हे त्याला मान्य आहे. पण रियेची पत्नीही दूर आहे हे कळताच रांबेर वाट सापडेपर्यंत पथकात काम करावयास तयार होतो. आणि ज्या रात्री पलायनाची सारी तयारी झालेली असते त्या रात्री तो जात नाही. एकट्यानेच सुखी होण्याची लाज वाटेल, आता हे दुःख माझेही आहे, असे त्याचे सांगणे. परक्याचे आपले होणे हा सामाजिक परिवर्तनाचा सर्वांत लहान घटक आहे. त्याची सक्ती करता येत नाही.

दुसरा ग्रां. नगरपालिकेतला तुटपुंज्या पगाराचा कारकून. रात्री तो एक कादंबरी लिहितो, पण पहिले वाक्यच त्याच्या मनासारखे जमत नाही. हा माणूस दिवसभराच्या नोकरीनंतर पथकांच्या नोंदी ठेवतो. या कथेत नायक हवाच असेल तर तो ग्रां समजावा, असे निवेदक सुचवितो. वाचकाला प्रथम हसू येते, मग विचार करावासा वाटतो. आपल्या धर्मग्रामांतून विन्सेंट दी पॉल संस्थेचे हिशेब कोण ठेवते, आजाऱ्यांच्या याद्या कोण करते, दफनाच्या वेळी खुर्च्या कोण लावते, हे आठवले की ग्रां ओळखीचा वाटू लागतो. काम्यूने शौर्याला दुय्यम स्थान दिले ते अशा माणसांच्या बाजूने. आपले काम नीट करणे म्हणजेच संकटाशी प्रामाणिकपणे लढणे, हे रियेचे मत त्याच भूमिकेतून आले आहे.

न दिसलेले शेजारी

आता या कृतीची उणी बाजू. ओरान हे आफ्रिकेतले शहर. तेथील अरब मुसलमान त्या मातीतले. रांबेर प्रथम रियेला भेटतो तो अरबांच्या राहणीविषयी माहिती मिळविण्यासाठी. पूर्ण सत्य छापू शकशील काय, असे रिये त्याला विचारतो आणि अर्धवट साक्ष देण्यास नकार देतो. यानंतर अरब या कादंबरीतून जवळजवळ नाहीसे होतात. मरणारा एकही अरब नावानिशी आपल्यासमोर येत नाही. आयरिश विचारवंत कॉनर क्रूझ ओब्रायन यांनी १९७० मध्ये या उणिवेवर नेमके बोट ठेवले. त्याआधी १९५५ मध्ये रोलां बार्त यांनीही, रोगाचे रूपक घेतल्याने अन्याय करणारा माणूस दिसेनासा होतो, असा आक्षेप घेतला होता. स्त्रियांविषयीही तेच. रियेची आई सोडली तर बायका येथे दूर असतात किंवा मरतात.

दुसऱ्यांच्या जबाबदारीविषयी बोलणारी कृती शेजाऱ्यांपैकी मोठ्या वर्गाला पाहू शकली नाही, ही साधी त्रुटी नव्हे. आणि या त्रुटीला मिळालेले उत्तर समीक्षकाच्या लेखणीतून आले नाही. ते त्याच ओरान शहरात, एका बिशपांच्या जीवनातून आले.

पिएर क्लाव्हरी यांचा जन्म १९३८ साली अल्जीर्समधील फ्रेंच वसाहती कुटुंबात झाला. आपण एका बुडबुड्यात वाढलो, अरब आपल्या अवतीभवती होते पण शेजारी म्हणून ते आपल्याला कधी दिसलेच नाहीत, हे त्यांनी पुढे स्पष्टपणे सांगितले. डॉमिनिकन संघात दाखल होऊन ते धर्मगुरू झाले. १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला, लाखो युरोपियनांनी देश सोडला. क्लाव्हरी १९६७ मध्ये उलट परत आले, अरबी भाषा शिकले आणि १९८१ मध्ये ओरानचे बिशप झाले. १९९०च्या दशकात तेथे यादवी उसळली, परदेशीयांना निघून जाण्याच्या धमक्या मिळाल्या. क्लाव्हरी गेले नाहीत. तिबिरीन मठातले सात संन्यासीही गेले नाहीत. १९९६च्या मार्चमध्ये त्यांचे अपहरण झाले आणि मे महिन्यात त्यांच्या हत्येची वार्ता आली. त्याच वर्षी १ ऑगस्टला बिशपगृहाच्या दारात बॉम्बस्फोट झाला. बिशप क्लाव्हरी आणि त्यांचा तरुण मुसलमान वाहनचालक महंमद बुशिखी, दोघांचे रक्त एकाच उंबऱ्यावर सांडले. अंत्यविधीला असंख्य मुसलमान आले होते. ८ डिसेंबर २०१८ रोजी ओरानमधील सांता क्रूझच्या तीर्थस्थानी क्लाव्हरी, तिबिरीनचे संन्यासी आणि इतर अकराजण, अशा एकोणीस हुतात्म्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले.

फादर पानलू यांनी कल्पनेत पाहिलेला थांबणारा माणूस कादंबरीनंतर सुमारे पन्नास वर्षांनी त्याच शहरात प्रत्यक्ष उभा राहिला, आणि कादंबरीला जे शेजारी दिसले नव्हते त्यांच्यासाठीच थांबला. काम्यू एकदा पॅरिसमधील डॉमिनिकन मठात बोलावयास गेला होता. तुमची आशा माझ्याजवळ नाही, पण मुलांना छळणाऱ्या जगाविरुद्धचा लढा आपण मिळून लढू शकतो. ख्रिस्ती लोकांनी संदिग्ध न राहता स्पष्ट आवाजात बोलावे, असे त्याने तेथे आवाहन केले. त्याच संघाच्या एका पुत्राने त्याला उत्तर दिले असे म्हटले तर वावगे होणार नाही.

आपल्या वस्तीतले क्रूस

ही कादंबरी आपल्याला दूरची वाटण्याचे कारण नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वांद्र्याच्या आणि गिरगावच्या जुन्या ख्रिस्ती वस्त्यांतून त्या काळी उभारलेले क्रूस आजही आहेत; काहींवर साल कोरलेले आहे, काहींजवळ अजूनही रोझरी म्हटली जाते. त्या सप्टेंबरात मांडवी भागातील रोग ओळखून तो प्लेग आहे असे सांगणारे डॉक्टर आकासियो व्हिएगस हे गोव्यातील हडफडे गावचे कॅथलिक. रियेप्रमाणे त्यांनाही न रुचणारा शब्द प्रथम उच्चारावा लागला. धोबीतलावाजवळ त्यांचा पुतळा आहे. त्याच्यासमोरून जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असते?

लाखो लोक मुंबई सोडून गेले, काहीजण थांबले. पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव यांनी रुग्णांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन आणले आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्या निवर्तल्या. ज्या काळात त्या मुलाची सावलीही टाळली जात असे त्या काळात त्याला पाठीवर घेणे, ही समाजपरिवर्तनाची कृती होती. पंडिता रमाबाईंनी पुण्याच्या प्लेग रुग्णालयातील स्त्रियांच्या हालांविषयी त्याच वर्षी वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहिले आणि सरकारचा रोष ओढवून घेतला. एकीने रुग्ण उचलला, दुसरीने सत्य उचलून धरले. काम्यूच्या कादंबरीत अशा स्त्रियांना जागा असती तर ती अधिक पूर्ण झाली असती.

२०२० मध्ये कोरोनाची साथ आली तेव्हा जगभर ही कादंबरी पुन्हा वाचली गेली. १८९७चा साथरोग कायदा आपल्याकडे पुन्हा लागू झाला. घरी परतणाऱ्या मजुरांच्या रांगा रस्त्यांवर दिसल्या. ही देवाने दिलेली शिक्षा आहे, असे सांगणारे आवाज निरनिराळ्या धर्मांतून उठले. त्या २७ मार्चला पोप फ्रान्सिस पावसात, रिकाम्या संत पेत्राच्या चौकात एकटे उभे राहिले आणि ही देवाच्या न्यायनिवाड्याची वेळ नसून काय महत्त्वाचे ते आपण निवडण्याची वेळ आहे, आपण सारे एकाच नावेत आहोत, असे म्हणाले. पहिल्या प्रवचनातला पाऊस आणि दुसऱ्या प्रवचनातला ‘आपण’ त्या संध्याकाळी एकत्र आले होते. इटलीतील एकट्या बर्गामो धर्मप्रांतात त्या लाटेत वीसहून अधिक धर्मगुरू मरण पावले.

कादंबरीच्या अखेरीस वेशी उघडतात, माणसे नाचतात, दारूकाम होते. तारू गेलेला असतो, रियेच्या पत्नीच्या मृत्यूची तार येऊन पडलेली असते. प्लेगचे जंतू मरत नाहीत, ते कपाटांत, कपड्यांत, कागदांत दडून राहतात, हे जाणणारा रिये एकटाच तो आनंद पाहत उभा असतो. या शेवटाला निराशेचा म्हणतात. मला त्यात इशारा आणि कामाची वाटणी दिसते. जंतू दडून राहणार असतील तर पथकेही मोडता कामा नयेत.

गेल्या साथीत आपल्या धर्मग्रामांतून अनेक तरुणांनी जेवणाचे डबे पोहोचविले, अनोळखी माणसांना मूठमाती दिली. मग वेशी उघडल्या आणि आपण आपापल्या घरांत परतलो. ज्या शेजाऱ्याचे नाव तेव्हा ठाऊक झाले होते ते आज आठवते का? आपल्या बोलण्यात पुन्हा ‘तुम्ही’ आले आहे की ‘आपण’ टिकून आहे? वस्तीतल्या जुन्या क्रूसापाशी दिवा लावताना, तो उभारणारी माणसे तेथे थांबली होती, एवढे मुलांना सांगितले तरी पुष्कळ होईल.